कॉम्प्रेसरची उष्णता वाया का घालवायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कॉम्प्रेस्ड एअरच्या लिकेजवर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी लिकेज सोडून भलताच प्रश्न विचारलाय, की कॉम्प्रेसरच्या मागून जो गरम वारा येतो त्याचं काही करता येतं का. मला मनापासून आनंद झाला, कारण गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत फिरतोय. म्हणून या वेळी पूर्ण सदर त्याच विषयावर.

प्रश्न: आमच्याकडे ७५ किलोवॅटचा ऑइलवाला स्क्रू कॉम्प्रेसर आहे, एअर कूल्ड. हीट रिकव्हरी युनिट विकायला आलेला माणूस म्हणाला की कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो त्यातली ९० टक्क्यांच्या वर उष्णता होऊन बाहेर पडते. मला हे पटतच नाही. एवढी उष्णता झाली तर उरलेल्या १० टक्क्यांत माझी सगळी हवा दाबून निघते का? की माझा कॉम्प्रेसरच खराब आहे?

उत्तर: तुमचा कॉम्प्रेसर खराब नाही आणि तो माणूसही खोटं बोलत नाहीये. हा प्रश्न मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता आणि माझ्या वरिष्ठांनी तेव्हा फळ्यावर काही न लिहिता मला सरळ एअर गन हातात दिली आणि म्हणाले, अर्धा मिनिट सोड आणि मग नोझलला हात लाव. नोझल गार लागलं. तिथेच सगळं उत्तर आहे बघा. हवा दाबली की ती तापते, ती तापलेली हवा आपण कूलरमधून थंड करून लाइनमध्ये सोडतो, आणि थंड झाल्यावर तिच्यात स्वतःची म्हणून जी ऊर्जा उरते ती दाबायच्या आधी होती जवळपास तेवढीच असते, कारण हवेतली ही आतली ऊर्जा तिच्या तापमानावर ठरते, दाबावर जवळजवळ नाहीच. म्हणजे मोटरने जे काम केलं ते सगळं उष्णता होऊन कूलरमधून निघून गेलं. मग टूल चालतं कशावर? हवा फुगताना स्वतः थंड होते आणि स्वतःच्या आणि आजूबाजूच्या उष्णतेवर काम करते, म्हणून नोझल गार पडतं आणि न्यूमॅटिक टूलच्या एक्झॉस्टला कधीकधी बर्फसुद्धा धरतो. दाब मिळाला म्हणजे काम करायची संधी मिळाली, वीज मात्र केव्हाच उष्णता झालेली असते.

आता ही उष्णता जाते कुठे. तुमच्यासारख्या तेलाच्या स्क्रूमध्ये हवा दाबताना आत तेल फिरतं आणि उष्णता ओढून घेतं, म्हणून ढोबळमानाने १०० तले ७२ तेलात जातात आणि ऑइल कूलरमधून बाहेर पडतात, १३ च्या आसपास आफ्टरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणारा कूलर), ९ मोटरमधून, २ मशीनच्या अंगावरून, आणि उरलेले ४ हवेबरोबर लाइनमध्ये, कारण आफ्टरकूलरनंतरही हवा खोलीपेक्षा थोडी गरमच असते. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात पण चित्र हेच. विकणारे ९४ टक्के म्हणतात ते ७२, १३ आणि ९ मिळून. पण तुम्ही पाणी गरम करणार असाल तर तेलातल्या ७२ वरच हिशोब धरा, बाकीचं पाण्यात आणणं खटपटीचं आहे.

प्रश्न: वरच्याच वाचकाचा पुढचा प्रश्न. प्रत्यक्षात गरम पाणी किती मिळेल? आमच्या पार्ट वॉशिंगच्या टाक्या आणि बॉयलरचं फीड वॉटर, दोन्हीला गरम पाणी लागतं. सध्या बॉयलर डिझेलवर आहे.

उत्तर: कॅल्क्युलेटर घ्या, हे तुम्हाला स्वतः करता आलं पाहिजे, विक्रेत्याच्या कागदावर विसंबू नका. ७५ किलोवॅटची मोटर पूर्ण लोडला मीटरवर साधारण ८० किलोवॅट ओढते. त्याचे ७२ टक्के म्हणजे ५७ च्या वर, आपण थोडं हात राखून ५५ धरू. १ किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणजे ८६० लिटर पाणी १ अंशाने तापवायची ताकद. ५५ गुणिले ८६० म्हणजे ४७,३००. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर फरक ३५ चा, भागा, ताशी साधारण १,३५० लिटर येतात.

पण थांबा, हे पूर्ण लोडला. तुमचा कॉम्प्रेसर दिवसभर लोडवर, म्हणजे खरोखर हवा दाबत असतो का? कंट्रोलरवर दोन अवर मीटर दिसतील, एक रनिंग अवर्स आणि एक लोडिंग अवर्स. आज सकाळी दोन्ही लिहून ठेवा, आठ दिवसांनी परत लिहा, फरक काढा. समजा १०० तास चालला आणि त्यात ७० तास लोडवर होता, तर तुमचे ५५ किलोवॅट सरासरी ३८ च्या आसपास आले आणि पाणी ताशी ९५० लिटरच्या जवळ. अनलोडला, म्हणजे हवा न दाबता नुसतं फिरताना पण मशीन पूर्ण लोडच्या पाव हिस्सा किंवा जास्त वीज खातंच आणि तीही उष्णताच होते, पण ती हिशोबात धरू नका, मिळाली तर वरकमाई समजा.

आता डिझेल. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते, बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर ३८ किलोवॅट उष्णतेसाठी ताशी साडेचार लिटर जळतं. दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास, म्हणजे वर्षाला २१ हजार लिटरच्या वर डिझेल. एक लिटर जळालं की २.७ किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड होतो, तो पण गुणून बघा. हे सगळं आज तुमच्या खोलीच्या मागच्या भिंतीवरून बाहेर चाललंय!

फक्त एक. हा आकडा तेव्हाच खरा जेव्हा तेवढं गरम पाणी तुम्ही खरोखर वापरता. वॉशिंगच्या टाक्या एकदा तापल्या की त्यांना फक्त वरचेवर थोडी भर लागते. बॉयलरचं म्हणाल तर कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं पाणी) परत येत असेल आणि फीड टाकी आधीच ८० अंशांवर असेल तर तिथे तुमच्या ६५-७० अंशांच्या पाण्याला कामच नाही, त्याचं काम मेकअपच्या, म्हणजे नव्याने भरल्या जाणाऱ्या थंड पाण्यावर. म्हणून रोज मेकअप किती लिटर जातं ते आधी मोजा.

प्रश्न: उष्णता परत मिळतेच आहे तर मग लिकेज शोधत कशाला बसायचं? गळालेल्या हवेची वीजसुद्धा शेवटी गरम पाणी होऊनच मिळणार ना?

उत्तर: हा प्रश्न तीन जणांनी विचारलाय आणि मला त्याची काळजी वाटते, कारण ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. असं करणं म्हणजे अख्खी फॅक्टरी विजेच्या गिझरवर चालवणं. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेच्या एका युनिटातून पाण्यात पाऊण युनिटसुद्धा उष्णता येत नाही, आणि वीज ही इंधनापेक्षा बहुतेक ठिकाणी महागच. हवा बनवायची म्हणून वीज गेलीच आहे तर तिची उष्णता घ्या, पण उष्णता हवी म्हणून हवा बनवू नका. तीन मिलिमीटरच्या एका भोकातून ७ बारला जी हवा जाते ती बनवायला तीन-चार किलोवॅट लागतात, रात्रंदिवस. तेव्हा आधी लिकेज, मग प्रेशर, गरज साडेसहा बारची असेल तर साडेसातवर ठेवू नका, एक बार खाली आलात की सहा-सात टक्के वीज वाचते. हे सगळं झालं की जो कॉम्प्रेसर उरतो त्याच्या उष्णतेवर रिकव्हरीचा साइज काढा. उलट क्रमाने केलंत तर आज मोठा एक्स्चेंजर (तेलातली उष्णता पाण्याला देणारं उपकरण) घ्याल आणि उद्या लिकेज बंद केल्यावर तो अर्धा रिकामा चालेल.

प्रश्न: तेलाच्या लाइनमध्ये बाहेरचा एक्स्चेंजर बसवला तर कॉम्प्रेसरला धोका नाही का? आमचा सर्व्हिसवाला नको म्हणतोय. आणि पाण्यात तेल उतरलं तर?

उत्तर: तुमचा सर्व्हिसवाला घाबरतोय ते अगदीच उगाच नाही, पण त्याला कारण विचारा. तेल सेपरेटर टाकीतून (जिथे हवेतून तेल वेगळं होतं) ८०-९० अंशांवर निघतं, तिथून ते आधी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून न्यायचं आणि मग नेहमीच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हकडे, जो तापमान बघून तेल कूलरकडे वळवतो. म्हणजे पाण्याला उष्णता नको असेल, पंप बंद असेल, टाकी भरलेली असेल, तर तेल गरमच पुढे जातं आणि जुना ऑइल कूलर त्याचं काम करतो. मूळचा कूलर कधीही काढायचा नाही. काही ठिकाणी जागा आणि खर्च वाचवायला तो काढलेला मी बघितलाय, एक दिवस पाण्याचा पंप ट्रिप झाला आणि पाठोपाठ कॉम्प्रेसर ११० अंशांना ट्रिप झाला, सगळी लाइन उभी.

खरा धोका उलट बाजूचा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही, तेल जास्त थंड होण्याचा. हवेत वाफ असते. ३० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा ७ बारला दाबली की तिचा दवबिंदू ६४ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे मशीनच्या आत तापमान त्याच्या खाली आलं की पाणी तेलातच सुटायला लागतं. सेपरेटरच्या साइट ग्लासमध्ये तेल दुधी दिसायला लागलं की समजा हेच झालंय, आणि मग बेअरिंगचं आयुष्य गेलं. म्हणून एक्स्चेंजरच्या तेलाच्या बाजूला स्वतःचा थर्मोस्टॅटिक बायपास पाहिजेच, जो तेल ठरावीक तापमानाखाली परत जाऊ देत नाही. कोटेशनमध्ये तो लिहिलाय का बघा. नसेल तर पुढचं बोलूच नका. कंपनीचं स्वतःचं किट मिळत असेल तर तेच घ्या, वॉरंटीचा वाद राहत नाही.

पाण्यात तेल उतरायचं म्हणाल, तर पाणी बॉयलरला किंवा वॉशिंगला जाणार असेल तर साधा प्लेट एक्स्चेंजर आणि मधे एक बंद सर्किट पुरतं. पाणी आंघोळीला, खाण्याच्या पदार्थाला किंवा औषधाला लागणार असेल तर डबल वॉल एक्स्चेंजर, त्यात प्लेटच्या जोडीमध्ये फट असते आणि प्लेट फुटली तर तेल त्या फटीतून बाहेर टपकतं, पाण्यात जात नाही, आणि डोळ्यांना दिसतं. तिथे काटकसर करू नका. आंघोळीचं पाणी साठवत असाल तर टाकी ६० अंशांच्या वर ठेवा, कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, २० ते ४५ अंश हा त्यांचा आवडता पट्टा.

आणि क्षार! हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. माझ्याच हातून झालेली चूक आहे. पहिलं युनिट बसवलं तेव्हा मधलं बंद सर्किट टाळलं, बोअरचं पाणी सरळ एक्स्चेंजरमधून फिरवलं, पहिला महिना पाणी ६५ अंशांवर येत होतं, दुसऱ्या महिन्यात ५८, चौथ्या महिन्यात जेमतेम ४५ आणि मला वाटलं तेलाचा व्हॉल्व्ह बिघडला, दोन दिवस तोच उघडून बघत बसलो. शेवटी एक्स्चेंजर खोलला तर प्लेटांवर पांढरा थर, नखाने खरवडला तर खपली निघत होती, काही वाटा तर पूर्ण बुजलेल्या. पाणी जितकं गरम तितका चुना लवकर बसतो आणि ६० च्या वर तर फारच लवकर. तेव्हापासून नियम केला, तेलासमोरचं पाणी नेहमी बंद सर्किटमधलं, सॉफ्टनरचं, तेच ते फिरणारं, आणि ते पुढे दुसऱ्या एक्स्चेंजरमधून वापराच्या पाण्याला उष्णता देईल. थोडे अंश तिथे जातात पण आत क्षार बसत नाही. बाहेरचा दुसरा एक्स्चेंजर मात्र नटबोल्टचा, खोलता येणारा घ्या, आणि दोन्ही टोकांना थर्मामीटर बसवा, तापमान उतरायला लागलं की आधी तिथे कळतं.

प्रश्न: आम्हाला गरम पाणी लागतच नाही. पण तयार मालावर कोटिंग केल्यावर तो वाळवायला गरम हवा लागते. कॉम्प्रेसरची हवा डक्टने नेली तर?

उत्तर: जरूर, आणि एअर कूल्ड मशीनला हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, कारण तेल, आफ्टरकूलर, मोटर, सगळ्याची उष्णता त्या एकाच वाऱ्यात असते. हवा खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २५ अंशांनी गरम निघते. म्हणजे ३० ची हवा ५० च्या आसपास. तुमच्या कोटिंगला ८० लागत असतील तर हीच हवा हीटरच्या इनलेटला द्या, ३० पासून तापवायच्या ऐवजी ५० पासून तापवा.

चूक होते ती डक्टमध्ये. कॉम्प्रेसरच्या आतला फॅन फक्त त्याच्या कूलरपुरता असतो, बऱ्याच मशिनांत बाहेरच्या डक्टसाठी त्याच्याकडे ५० पास्कलच्या आसपासच दाब उरतो, म्हणजे पाण्याचे ५ मिलिमीटर. दोन कोपरे आणि पंधरा मीटर अरुंद डक्ट टाकला की झालं, वारा अडतो, तेल तापतं, मशीन ट्रिप, आणि मग सगळे म्हणतात हीट रिकव्हरी बेकार! डक्ट मशीनच्या आउटलेटपेक्षा लहान कधीच नको, कोपरे गोलाईचे, आणि लांब न्यायचं असेल तर पुढे वेगळा फॅन लावा. डक्ट मशीनवर घट्ट बोल्ट करू नका, मधे कॅनव्हासचा तुकडा ठेवा, नाहीतर सर्व्हिसला पॅनेल उघडणार कसं. आणि तीन तोंडांचा डॅम्पर हवाच, एक तोंड ड्रायिंगकडे, एक सरळ बाहेर, एक खोलीत, म्हणजे थंडीत थोडी हवा खोलीत सोडता येते आणि उन्हाळ्यात सगळी बाहेर.

एक जास्तीचा फायदा होतो, गरम हवा खोलीत परत फिरायची थांबते. इनटेकची हवा ४ अंशांनी गरम झाली की साधारण १ टक्का वीज जास्त लागते, आणि मी अशा खोल्या बघितल्यात जिथे बाहेर ३२ आणि आत ४६. एक्झॉस्ट लूव्हर आणि इनटेक लूव्हर एकाच भिंतीवर शेजारीशेजारी असतील तर ते आज दुपारीच जाऊन बघा, हातात कागदाची पट्टी धरा, गरम वारा फिरून इनटेककडे ओढला जातोय का ते लगेच कळतं.

प्रश्न: या उष्णतेवर वीज तयार करता येईल का?

उत्तर: नको. ८० अंशांची उष्णता आणि ३० अंशांचं वातावरण, यातून शास्त्राच्या हिशोबाने जास्तीत जास्त १४ टक्के वीज निघू शकते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मं निघणंही मुश्कील. त्यापेक्षा उष्णता उष्णता म्हणूनच वापरा.

प्रश्न: माझ्याकडे ५ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर आहे, दिवसातून चार-पाच तास चालतो. मला काही करता येईल?

उत्तर: पाण्याच्या भानगडीत पडू नका, तेवढा खर्च वसूल होणार नाही. खोलीला खेळती हवा ठेवा, फिन्सवरची धूळ दर आठवड्याला साफ करा, आणि रात्री रिसीव्हरचा व्हॉल्व्ह बंद करून सकाळी प्रेशर किती उतरलं ते बघा, टाकी स्वतः गळतेय का ते कळेल. लाइनचं बघायचं असेल तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून हेच करा.

प्रश्न: आमचे दोन ऑइल-फ्री स्क्रू आहेत, वॉटर कूल्ड, शिवाय डेसिकंट ड्रायर (हवेतली ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) आहे जो हीटरवर रिजनरेट होतो, म्हणजे ते दाणे हीटरने परत वाळवले जातात. आमच्यासाठी वेगळं काही?

उत्तर: तुमच्याकडे तर खजिना आहे. तेल नसल्यामुळे प्रत्येक स्टेजमधून हवा दीडशे अंशांच्या वर निघते, त्यामुळे नीट डिझाइन केलं तर ९० अंशांपर्यंत पाणी मिळू शकतं, तेलाच्या मशीनला ७० च्या पुढे जाणं अवघड असतं. कूलिंगचं पाणी भरमसाट फिरवून ८-१० अंशांनी तापवायचं सोडून कमी पाणी हळू फिरवलं की तापमान वर येतं, मात्र हे कॉम्प्रेसर बनवणाऱ्याला विचारूनच, कूलरला ते चालतं की नाही हे तोच सांगेल. आणि ड्रायरसाठी हीट ऑफ कॉम्प्रेशन प्रकार बघा, त्यात शेवटच्या स्टेजची गरम हवाच डेसिकंट वाळवते, हीटरची वीज जवळपास संपते. तेलवाल्या मशीनला हे जमत नाही, तिथली हवा तेवढी गरमही नसते आणि तेलाचा अंश डेसिकंट खराब करतो.

प्रश्न: आमचा कॉम्प्रेसर व्हीएफडीवर (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त करणारा ड्राइव्ह) आहे आणि दिवसा जोरात, रात्री मंद चालतो. गरम पाणी मात्र सगळ्यात जास्त पहाटे टाक्या भरताना लागतं. वेळ जुळतच नाही, मग हे सोडून द्यायचं का?

उत्तर: सोडू नका, टाकी लावा. दिवसभराची उष्णता इन्सुलेटेड टाकीत साठवायची आणि पहाटे काढायची. टाकी उभी, उंच घ्या, आडवी नको, गरम पाणी वर राहतं आणि थंड खाली, ते एकमेकांत मिसळायला नको म्हणून. थंड पाणी तळातून सावकाश आत, गरम पाणी माथ्यावरून बाहेर, एक्स्चेंजरला पाणी तळातलं द्यायचं आणि परत वर आणून सोडायचं. व्हीएफडी मंद असताना उष्णता कमी असते, तेव्हा पाण्याचा पंप त्याच वेगाने चालू राहिला तर टाकीत नुसतं कोमट पाणी भरतं आणि वरचा गरम थर मोडतो, म्हणून पंपालाही तापमानावर चालणारा कंट्रोल द्या, एक्स्चेंजरमधून बाहेर येणारं पाणी ६० च्या खाली गेलं की पंपाने वेग कमी करायचा, तेल गरम नसेल तर थांबायचं.

टाकी किती मोठी हे मात्र मी इथून सांगू शकत नाही, सांगितलं तर तो अंदाजपंचे आकडा होईल. आठ दिवस दर तासाला दोन गोष्टी लिहा, व्हीएफडीवर दिसणारे किलोवॅट आणि गरम पाण्याच्या लाइनवरचं मीटर रीडिंग. मीटर नसेल तर आधी साधं मीटर बसवा. ते १९२ तासांचे दोन रकाने आणि टाकीत येणाऱ्या थंड पाण्याचं तापमान एवढं मला पाठवा, पुढच्या अंकात तुमच्याच आकड्यांवर टाकीचा साइज सगळ्यांसमोर काढून दाखवतो.